तीस एक्स्टेन्शनच्या कार्यालयासाठी फोन यंत्रणा: ईपीएबीएक्स, आयपी-पीबीएक्स की क्लाउड?

कार्यालयाची जागा बदलताना किंवा जुने ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइन आतल्या फोनना जोडणारे यंत्र, शेवटी मान टाकते तेव्हा साधारणपणे तीन कोटेशन हाती येतात: एक साध्या ईपीएबीएक्सचे, दुसरे आयपी-पीबीएक्सचे (तेच काम संगणकाच्या नेटवर्कवरून करणारे यंत्र) आणि तिसरे क्लाउड टेलिफोनीचे (यंत्राऐवजी इंटरनेटवरून मिळणारी सेवा). तिन्हींच्या मागे वैशिष्ट्यांची लांबलचक यादी जोडलेली असते आणि ती जवळजवळ सारखीच असल्याने तिच्यावरून निवड करणे शक्य होत नाही. माझ्या मते निवड दोन प्रश्नांवर ठरते. बाहेरचा क्रमांक इमारतीत कोणत्या तारेवरून येतो, आणि फोन उचलणारी माणसे बसतात कुठे? पुढील तुलना वीस ते चाळीस एक्स्टेन्शनच्या, म्हणजे आतल्या फोनच्या, कार्यालयासाठी किंवा एमआयडीसीतील मध्यम कारखान्यासाठी आहे. कॉल सेंटरचे गणित वेगळे असते.

ईपीएबीएक्सच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा तारेचा आहे. साध्या फोनला दोन तारांची एक जोडी पुरते आणि ती काही शे मीटर अंतरापर्यंत विनातक्रार चालते. आयपी फोनला लागणारी इथरनेट केबल मात्र 100 मीटरपर्यंतच चालते. त्यापुढे मध्ये नेटवर्क स्विच (तारा जोडणारी पेटी) बसवावा लागतो किंवा फायबर टाकावी लागते. कार्यालयाच्या एका मजल्यावर या फरकाला काही अर्थ नाही, पण कारखान्यात मुख्य गेटवरची वॉचमनची केबिन, वजनकाटा आणि मागचे गोदाम यांचा विचार केला की दोन तारांचे मोल कळते. शिवाय साधा फोन बिघडला तर हजार रुपयांच्या आसपास दुसरा मिळतो आणि तो लावायला कोणताही वायरमन चालतो.

यंत्राची क्षमता ट्रंक (बाहेरची लाइन) आणि एक्स्टेन्शन अशा जोडीने सांगितली जाते. वर्षानुवर्षे आपल्याकडे खपलेले पॅनासोनिकचे 824 हे मॉडेल मुळात 3 ट्रंक आणि 8 एक्स्टेन्शनचे होते आणि कार्डे टाकून ते 8 ट्रंक व 24 एक्स्टेन्शनपर्यंत वाढवता येत असे. कोटेशनमध्ये आज बसवलेली क्षमता आणि वाढवता येणारी कमाल क्षमता वेगवेगळी लिहून मागावी, कारण विक्रेता बोलताना हमखास दुसरा आकडा सांगतो. पॅनासोनिकने पीबीएक्सचा व्यवसाय गुंडाळला आहे, त्यामुळे त्यांचे यंत्र स्वस्तात मिळत असले तरी कार्डे आणि की-फोन (त्या यंत्राचेच खास फोन) पुढे कुठून आणणार, हे आधी विचारून घ्यावे. वडोदऱ्याच्या मॅट्रिक्ससारख्या देशी उत्पादकांकडे साधी एक्स्टेन्शन आणि आयपी फोन एकाच पेटीत चालवणारी मिश्र यंत्रे मिळतात. त्यांचा विचार पुढे येईल.

साध्या ट्रंक लाइनचे काही जुने त्रास मात्र कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत. समोरच्याने फोन ठेवल्याचा संकेत लाइनवरून नीट आला नाही, तर ऑटो अटेंडंट रिकाम्या लाइनला ‘विक्रीसाठी एक दाबा’ असे सांगत राहतो आणि तेवढा वेळ ती ट्रंक अडकून पडते. कॉलर आयडी डीटीएमएफ पद्धतीने येतो की एफएसके पद्धतीने, हे सेटिंग जुळले नाही तर ऑपरेटरच्या पडद्यावर क्रमांकच उमटत नाही. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावे लागते. यंत्रात तसे प्रोग्रामिंग करून घेतले नाही, तर साठवलेले जुने क्रमांक लागत नाहीत आणि दोष नव्या यंत्राला दिला जातो. ही कामे करणारा तंत्रज्ञ तुमच्या शहरात आहे की दोनशे किलोमीटरवरून येणार, याला ब्रँडपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडू लागली की उघड्यावरून गेलेल्या तारांमुळे कार्डे जळतात, म्हणून एमडीएफवर (सगळ्या तारा एकत्र येतात त्या चौकटीवर) संरक्षक मॉड्यूल आणि चांगले अर्थिंग यांचा खर्च कोटेशनमध्ये नसेल तर तो घालून घ्यावा.

आता बाहेरच्या तारेकडे वळू. तांब्याची लाइन ज्यांच्याकडे अजून आहे त्यांना तिची एक सोय जाणवतही नाही: तिला एक्सचेंजकडूनच 48 व्होल्टचा पुरवठा होतो, त्यामुळे कार्यालयाची वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. लँडलाइन फायबरवर आली की क्रमांक भिंतीवरच्या ओएनटी नावाच्या छोट्या पेटीतून निघतो, आणि त्या पेटीला वीज मिळाली नाही की क्रमांकही मुका होतो. नवी जोडणी आता बहुतेक ठिकाणी फायबरवरच मिळते. म्हणजे ईपीएबीएक्स घेतले तरी यूपीएसचा खर्च सुटत नाही, हे ध्यानात ठेवून तुलना करावी.

आयपी-पीबीएक्सचा खरा फायदा या ठिकाणी दिसू लागतो. बाहेरचा कॉल मुळात फायबरवरून डिजिटल स्वरूपातच येत असेल, तर ओएनटीत त्याचे साध्या लाइनमध्ये रूपांतर करून पुन्हा यंत्रात घेण्यापेक्षा एसआयपी ट्रंक, म्हणजे डिजिटल स्वरूपातच येणारी बाहेरची लाइन, थेट घेणे सरळ पडते. पीआरआय नावाच्या जुन्या डिजिटल जोडणीत एका लाइनवर 30 वाहिन्या, म्हणजे एकाच वेळी 30 कॉलची सोय, ठरलेल्या असत, लागोत वा न लागोत. एसआयपी ट्रंकवर दहा वाहिन्या घेऊन पुढे वाढवता येतात. प्रत्येक टेबलाला थेट क्रमांक देणे, फोन ठेवल्याचा संकेत अचूक मिळणे आणि कॉलची नोंद संगणकावर पाहणे यांसाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. संभाषण ध्वनिमुद्रित करायचे असेल तर जी.711 पद्धतीच्या आवाजाला तासाला सुमारे 29 एमबी जागा लागते, म्हणजे साधी हार्ड डिस्क पुरते.

विक्रेते इंटरनेटच्या वेगावर भर देतात, तो गैरलागू आहे. एका कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी 80 ते 90 किलोबिट प्रतिसेकंद एवढी जागा पुरते. दहा कॉल एकदम चालले तरी एक मेगाबिटही पूर्ण लागत नाही. आवाज तुटतो तो बहुतेकदा स्विचमुळे. हिशेबनीस मोठी फाइल पाठवत असताना त्याच तारेवरून बोलणाऱ्या साहेबांचा आवाज खडखडू नये, यासाठी आवाजाची वाहतूक व्हीलॅनने (एकाच तारेवरच्या स्वतंत्र आभासी नेटवर्कने) वेगळी करणारा आणि तिला प्राधान्य देणारा स्विच हवा. तोच स्विच पीओईवाला, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा, असेल तर फोनला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. पीओईच्या मूळ मानकात एका पोर्टला 15.4 वॉटपर्यंत वीज देण्याची सोय आहे, पण स्वस्त स्विच सगळ्या पोर्टना एकदम तेवढी देऊ शकत नाहीत, म्हणून एकूण वॉटचा आकडा पाहावा आणि त्यानुसार यूपीएस निवडावा. हा स्विच, यूपीएस आणि साध्या फोनच्या काही पट महाग असलेला प्रत्येक आयपी फोन धरला की आयपी-पीबीएक्सचे कोटेशन पेटीच्या किमतीपेक्षा बरेच वर जाते. पेटी त्यातला लहान भाग असतो.

सुरक्षेचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. इंटरनेटवर उघडे ठेवलेले आयपी-पीबीएक्स शोधणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात, आणि एक्स्टेन्शन 101 चा पासवर्डही 101 ठेवला असेल तर रविवारच्या रात्रीत परदेशी कॉलचे भलेमोठे बिल चढते. आयएसडी प्रदात्याकडूनच बंद ठेवावे, बाहेरून जोडणी व्हीपीएनमधूनच (सुरक्षित खासगी मार्गानेच) द्यावी आणि पासवर्ड लांब ठेवावेत. साध्या ईपीएबीएक्सला ही काळजी फारशी नाही. शाखा असतील तर आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. दोन शहरांतील शाखा इंटरनेटने जोडून एकीकडचा कॉल दुसरीकडच्या लँडलाइनवरून बाहेर काढणे, म्हणजे टोल बायपास, यावर दूरसंचार नियमांची बंधने आहेत; आपली रचना नियमांत बसते असे प्रदात्याकडून लेखी घ्यावे.

क्लाउड टेलिफोनीत यंत्रच नसते. प्रत्येक वापरकर्त्यामागे मासिक भाडे भरायचे आणि फोन मोबाइल अ‍ॅपवर किंवा थेट मोबाइल क्रमांकावर घ्यायचा. ज्यांची माणसे दिवसभर फिरतीवर असतात, उदाहरणार्थ सेवा अभियंते किंवा विक्री प्रतिनिधी, त्यांच्यासाठी हा पर्याय इतर दोन्हींपेक्षा स्पष्टपणे सरस आहे: ग्राहकाला एकच क्रमांक दिसतो आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी ग्राहक कंपनीकडेच राहतो. मात्र अ‍ॅपमधून बटण दाबून लावलेल्या कॉलमध्ये यंत्रणा आधी तुमच्या माणसाला आणि मग ग्राहकाला फोन करते, म्हणून दोन्ही टोकांचे मिनिट आकारले जाते का, हे दरपत्रकात शोधावे. टेबलावर बसून आपसांत बोलणाऱ्या तीस जणांसाठी इंटरकॉमच्या कॉलकरिता दरमहा भाडे भरणे मला पटत नाही. इंटरनेट गेले की शेजारच्या खोलीतला फोनही लागत नाही, हा भाग वेगळाच.

वैशिष्ट्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर ट्रान्सफर, पिकअप (दुसऱ्याचा वाजणारा फोन आपल्या टेबलावरून उचलणे), हंटिंग (एक फोन व्यग्र असेल तर कॉल पुढच्या फोनवर जाणे) आणि कार्यालय बंद झाल्यावर लागणारा नाइट मोड एवढेच रोज वापरले जाते, आणि ते तिन्हींत आहे.

नव्याने वायरिंग होत असलेल्या शहरी कार्यालयाने आयपी-पीबीएक्स घ्यावे, असे मी सुचवेन. जुन्या जोड्या भिंतीत शाबूत असलेल्या कारखान्याने मिश्र यंत्र घ्यावे: बाहेर एसआयपी ट्रंक, कार्यालयात आठ-दहा आयपी फोन, आणि गेट, गोदाम, शॉप फ्लोअरवर आहेत तेच साधे फोन. निव्वळ साधे ईपीएबीएक्स आज फक्त तिथे योग्य ठरते जिथे दोन-तीन लाइन आणि आतला इंटरकॉम यापलीकडे गरज नाही, जसे लहान लॉज, दवाखाना किंवा गृहसंस्था.

कोणताही पर्याय निवडला तरी क्रमांक कोणाच्या नावावर आहे, हे करारात पाहावे. मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी लँडलाइनच्या क्रमांकाला लागू नाही, त्यामुळे वीस वर्षे पाकिटांवर आणि पाट्यांवर छापलेला क्रमांक नव्या प्रदात्याकडे नेता येईल असे गृहीत धरू नये. तोच प्रदाता तो क्रमांक एसआयपी ट्रंकवर देतो का, हे आधी विचारावे. क्लाउडवर घेतलेला क्रमांक अनेकदा सेवा देणाऱ्या कंपनीमार्फतच मिळालेला असतो आणि करार संपला की तो हातून जाऊ शकतो. आणि यंत्र बसवून झाल्यावर प्रोग्रामिंगचा पासवर्ड व सेटिंगचा बॅकअप हाती आल्याशिवाय शेवटचा धनादेश देऊ नये, कारण एएमसी (वार्षिक देखभालीचे कंत्राट) दुसऱ्याला द्यायची वेळ आली की पहिली अडवणूक तिथेच होते.