क्लासिक ३५०: २०१६ची यूसीई घ्यावी की २०२२ची जे-सिरीज?

सेकंड हँड रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घ्यायची म्हटलं तर पुण्यात गाड्यांना तोटा नाही, तोटा आहे तो सरळ सांगणाऱ्यांचा. ज्याच्याकडे जुनी आहे तो म्हणतो, "नवीत दम नाही." ज्याच्याकडे नवी आहे तो म्हणतो, "जुनी म्हणजे गॅरेजचं भाडं." माझ्यासमोर शेवटी दोनच गाड्या उरल्या: कोथरूडची २०१६ची, जुन्या यूसीई इंजिनची, आणि पिंपळे सौदागरची २०२२ची, नव्या जे-सिरीज इंजिनची. नाव एकच, लांबून रूपही जवळजवळ एकच. इंजिन, चासी आणि ब्रेक मात्र पूर्ण वेगळे.

आधी माझा वापर सांगतो, कारण त्यावरच सगळं ठरतं. मी वारज्यात राहतो आणि भोसरी एमआयडीसीत होनिंग मशीनवर काम करतो. म्हणजे रोज बायपासने चांदणी चौक, बाणेर, वाकड, मग नाशिक फाटा. सुट्टीला जमेल तेव्हा बायकोला मागे बसवून कात्रजच्या नव्या बोगद्यातून कापूरहोळ आणि पुढे भोर, तिच्या माहेरी. फोटो काढायला सिंहगडावर जाणाऱ्यांनी माझा हिशेब जसाच्या तसा घेऊ नये.

जुनी गाडी एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची. डहाणूकर कॉलनी, पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली, ४१ हजार किलोमीटर झालेले. फोनवरच त्यांनी सांगितलं, "सकाळी आठच्या आत या, नंतर मी पूजेला बसतो. भाव एक लाख पाच हजार, त्यात घासाघीस नाही." आठच्या आत गेल्याचा फायदा असा की इंजिन थंडगार सापडलं. चोक ओढला, काकांनी किक मारली आणि गाडी दुसऱ्या किकला उठली. फाइलमध्ये पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावलेली, वर पेन्सिलने किलोमीटर लिहिलेले. एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही बसवून घेतलेली. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाडीला ती वेगळी बसवावी लागते आणि बरेच विकणारे ते काम घेणाऱ्याच्या गळ्यात टाकतात.

यूसीई म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये. क्लासिकला हे इंजिन २००९पासून आलं. ३४६ सीसी, बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, पुशरॉड आणि कार्ब्युरेटर. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे टॅपेट सेटिंगची भानगड नाही. साधारण २० बीएचपी आणि ४००० आरपीएमला २८ न्यूटन मीटर टॉर्क. कागदावर नवीचे आकडे जवळपास तेच आहेत: ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर. त्यामुळे आकड्यांवरून कोणी भांडत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

फरक कळतो तो रस्त्यावर. पौड रोडने चांदणी चौकाचा चढ चढताना जुनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीसच्या स्पीडलाही कुरकुर करत नाही. फ्लायव्हीलचं वजन जाणवतं. थ्रॉटल थोडासा उघडला की गाडी आपली शांतपणे वर सरकते. त्या धडधडीसाठी लोक गाडी घेतात हे मला मान्य आहे, माझाही हात सुटेना. पण बायपासला लागलो, काटा सत्तरच्या पुढे गेला आणि हँडलच्या टोकांना मुंग्या सुरू झाल्या. ऐंशीला डाव्या आरशात मागचा टँकर नुसता पांढरा ठिपका झाला. फूटरेस्टवरचा पायसुद्धा बधिर.

हा गाडीतला बिघाड नाही. काकांनी गाडी उत्तम ठेवली आहे. हा त्या इंजिनचा स्वभावच आहे. सिंगल सिलेंडरमध्ये पिस्टन वर-खाली जाताना जो धक्का बसतो, तो पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकला उलट बाजूचं वजन (काउंटरवेट) लावून निम्मा करता येतो. पण तेच वजन आडवं फिरतं तेव्हा तेवढाच धक्का पुढे-मागे देतं. जे-सिरीजमध्ये त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट आहे. तो क्रँकच्याच वेगाने पण उलट्या दिशेने फिरतो, खालचा-वरचा उरलेला धक्का खातो आणि आडवाही खातो. यूसीईत तो नाही. शिवाय ९० मिलिमीटरचा स्ट्रोक म्हणजे ४००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर. नव्या इंजिनात स्ट्रोक ८५.८ आहे, तिथे हाच वेग साडेअकराच्या आत येतो. आमच्या मशीन शॉपमध्ये स्पिंडल असा थरथरायला लागला तर त्या दिवशीचे सगळे जॉब रिजेक्ट होतील. लोक या थरथरीला कॅरेक्टर म्हणतात. म्हणू देत.

नाना पेठेत स्पेअर्सच्या गल्लीत एक ओळखीचे मेकॅनिक आहेत, त्यांना रविवारी गाडी दाखवली. त्यांनी इंजिनला हात लावायच्या आधी पुढचं चाक उचलून कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग बघितलं, मग स्विंगआर्म धरून आडवा हलवला, मग चेन मागे ओढून स्प्रॉकेटचे दात बघितले. शेवटी सेल्फ तीन-चारदा मारायला लावला. यूसीई घेताना हे कराच: सेल्फला 'खाड' असा लोखंडी आवाज आला तर सेल्फला इंजिनशी जोडणाऱ्या स्प्रॅग क्लचचा खर्च दारात उभा आहे असं समजा. काकांच्या गाडीला आवाज नव्हता. मेकॅनिक म्हणाले, "गाडी घ्या, डोळे झाकून घ्या. फक्त ही गाडी हायवेवर पळवू नका." माझा अर्धा रस्ता बायपास.

आता २०२२ची. जे-सिरीज इंजिन आधी एनफिल्डच्याच मीटिऑरमध्ये नोव्हेंबर २०२०ला आलं आणि क्लासिकमध्ये सप्टेंबर २०२१ला. त्यामुळे २०२१ची गाडी बघताना नुसतं साल बघू नका, आरसी बघा. त्या वर्षी जुन्या इंजिनच्या क्लासिकही विकल्या गेल्या. २०२०च्या सुरुवातीपासून त्या यूसीईला बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमासाठी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन लावलेलं होतं. एका डीलरने मला तशीच एक 'नवं इंजिन आहे साहेब' म्हणून दाखवली. त्याच गाडीचं मीटर बारा हजार सांगत होतं आणि ब्रेक पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं. त्याला नमस्कार केला आणि डीलरकडे जाणं बंद केलं.

पिंपळे सौदागरचा मुलगा आयटीतला, बंगळुरूला निघालेला, म्हणून विकत होता. १८ हजार किलोमीटर, ड्युअल चॅनल एबीएसचं (जोरात ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं लॉक न होऊ देणारं) मॉडेल, मागणी एक लाख बहात्तर हजार. मी गेलो तेव्हा इंजिन गरम. "पार्किंगमधून बाहेर काढली होती दादा," म्हणाला. असेल. मी त्याला सांगितलं, उद्या सकाळी येतो, मी येईपर्यंत चावी लावू नकोस. दुसऱ्या दिवशी थंड गाडी एका सेल्फला उठली, सायलेन्सरमधून धूर नाही, टॅपेटची टकटक नाही. या इंजिनात कॅम वर हेडमध्ये आहे आणि टॅपेटचा गॅप वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो, तेवढं जुन्यापेक्षा एक काम जास्त. सर्व्हिस हिस्ट्री त्याने मोबाइलवर दाखवली. काकांच्या फाइलची मजा त्यात नाही, पण माहिती पूर्ण होती.

सायलेन्सर मात्र बाहेरचा, मोठ्या आवाजाचा. पुण्यात पोलिसांनी असले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेले सगळ्यांनी पाहिले आहेत. मी अट घातली: ओरिजिनल सायलेन्सर बसवून दे, मगच बोलू. तो त्याच्या बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडमागे निघाला. टायर ओरिजिनलच होते. टायरच्या बाजूला कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे कितवा आठवडा आणि कोणतं वर्ष. पुढचा ठीक, मागचा मध्यभागी सपाट झालेला. म्हणजे मागच्या टायरचे पैसे लगेच धरा.

चालवायला गाडी वेगळ्याच घरातली वाटते. खाली थोडा दम कमी, हे जुनीवाल्यांचं म्हणणं खरं आहे. चांदणी चौकाच्या त्याच चढावर मला एक गिअर खाली घ्यावा लागला. पण ऐंशीला आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. चासी डबल डाउनट्यूबची (इंजिनपुढे दोन नळ्या), पुढचे फोर्क ४१ मिलिमीटरचे, जुनीचे ३५चे. वाकडच्या पुलाखालच्या खड्ड्यांतून जाताना हँडल हातात राहतं, ते खड्ड्याचं ऐकत नाही. वजन दोन्हींचं दोनशे किलोच्या आसपास, त्यामुळे पार्किंगमध्ये ढकलताना घाम सारखाच.

ब्रेकवर मी थोडा जास्त बोलणार आहे. २०१६च्या गाडीला पुढे २८० मिलिमीटरची डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. २०२२च्या या मॉडेलला पुढे ३००, मागे २७० आणि दोन्ही चाकांना एबीएस. स्वस्तातल्या व्हेरियंटला मागे ड्रम आणि सिंगल चॅनल एबीएस होतं, ते बघून घ्या. ज्याला बोगद्यातून नवले पुलाकडचा उतार रोज किंवा आठवड्याला उतरायचा आहे, मागे लोडेड ट्रेलर आणि समोर अचानक लागलेली रांग, त्याने हा मुद्दा धडधडीच्या वर ठेवावा. पावसाळ्यात तर नक्कीच. मी ओल्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक दाबून पाहिला. पेडल पायाखाली टकटकलं, गाडी सरळ थांबली.

जुनीच्या बाजूचे मुद्दे लपवत नाही. तिला किक आहे. बॅटरी उतरली तरी घरी येता. नवीला किक नाही, बॅटरी गेली की दोनशे किलो ढकलत बसा. जुनी भोरच्या स्टँडमागचा कोणताही मेकॅनिक खोलून जोडेल. नवीचा चेक लाइट लागला तर स्कॅनर लागतो. पेट्रोलच्या बाबतीत मात्र उलटं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कार्ब्युरेटरचा जेट ठरलेल्या मापाचा असतो, तो मिश्रण स्वतः सुधारत नाही. इंजेक्शनवाली गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून काही प्रमाणात जमवून घेते. जुनी घेणाऱ्याने पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्यावेत आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा.

मग बायकोला दोन्हींवर बसवून आणलं. काका स्वतःहून म्हणाले, "वहिनींना बसवून एक चक्कर मारा, त्यांना पाठ दुखली तर गाडी तुम्हाला महाग पडेल." जुनीवरून उतरल्यावर ती काही बोलली नाही, नुसते तळपाय चोळले. नवीवर बाणेरपर्यंत गेलो आणि ती मागून भाजीपासून पोराच्या क्लासच्या फीपर्यंत सगळं बोलत होती. उतरल्यावर म्हणाली, "अहो, या गाडीवर ऐकू येतं." हा माझ्यासाठी फायदा की तोटा ते मी इथे लिहीत नाही.

भावाचं. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, शोरूमच्या नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाड्या विकणारे बरेच जण अजून त्याच्या आधीच्या भावाचं गणित मांडतात. पिंपळे सौदागरच्या मुलाला मी हेच शांतपणे सांगितलं, मागचा टायर दाखवला, आणि एक अठ्ठावन्नवर सौदा झाला. काकांकडे असलं काही चालणार नव्हतं आणि खरं तर त्यांचा भाव रास्तच होता.

होय, मी नवी घेतली. पन्नास हजारांवर जास्त मोजले ते बॅलन्सर शाफ्टसाठी आणि एबीएससाठी. ज्याचं ऑफिस डेक्कनला आणि घर कर्वेनगरला, ज्याला रविवारी स्वतः पाने घेऊन बसायची हौस आहे आणि सत्तरच्या पुढे काही काम नाही, त्याने काकांसारखी सांभाळलेली यूसीई घ्यावी. उरलेल्या पैशांत टायर, चेनसेट, क्लच प्लेट सगळं नवं होऊन वर दिवाळी होईल. तीच गाडी बिलांशिवाय मिळत असेल तर मात्र नव्वद हजारांतही घेऊ नका.

कागदांबद्दल थोडं. मुलाच्या गाडीवर लोन होतं. ते फिटलेलं होतं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच, म्हणून आधी बँकेचं एनओसी आणि लोनची नोंद काढायचा फॉर्म ३५, मग गाडी नावावर करायचे २९ आणि ३०. गाडी एमएच-१४, मी एमएच-१२मध्ये राहणारा, त्यामुळे पिंपरी-चिंचवड आरटीओचं एनओसीही काढून घेतलं. पेंडिंग ई-चलनं तपासा, याच्यावर सिग्नल तोडल्याची निघाली आणि ती त्यानेच भरली. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. शोरूममधून गाडी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी येतो, त्यामुळे २०२२च्या गाडीचा २०२७पर्यंत चालतो. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याबरोबर जातो, तो धरून हिशेब करू नका. मागचा टायर परवा बदलला, मुलाने लावलेला एलईडी लाइट आणि हॉर्नचा जुगाड काढून टाकला आणि वायरिंग पहिल्यासारखं करून घेतलं.