प्रकल्पासाठी फुलझाडू घ्यावा की केरसुणी?

औद्योगिक रचनेच्या प्रकल्पासाठी साफसफाईचे घरगुती साधन नव्याने घडवायचे ठरले, की निवड बहुधा फुलझाडू आणि केरसुणी यांच्यात येऊन थांबते. मी आधी फुलझाडू घेतला आणि अर्ध्यावर सोडून केरसुणीकडे वळलो.

फुलझाडूची बाजू सुरुवातीला वरचढ वाटते. शहरात तो घरोघरी असल्यामुळे वापरणारी माणसे शोधत हिंडावे लागत नाही. ईशान्येकडच्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या गवताचे ते तुरे बारीक धूळ जितक्या अलगद ओढतात, तितकी केरसुणी ओढत नाही, हेही मान्य करायला हवे.

माझे घोडे अडले ते भुशापाशी. नवा फुलझाडू कितीतरी दिवस स्वतःचाच भुसा गाळत राहतो. घरात आपण तो आपटून, धुऊन वेळ निभावतो; परंतु प्लास्टिकच्या मुठीत दाबून बसवलेले तुरे सोडवताना काड्या मोडत असल्याने मला मुठीच्या प्रत्येक नमुन्यासाठी नवा झाडू घ्यावा लागे, आणि भुशाचा त्रास पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शहाबादी फरशीवर चमचाभर पीठ पसरून मी ते झाडून घेत असे, तेव्हा सुपलीत पिठापेक्षा पिवळट भुसाच अधिक दिसे. मूठ बदलल्याने झाडणे सुधारले की बिघडले, हे त्यावरून ठरवताच येईना. झाडू धुऊन वाळवले तर फरक पडे, पण दर नमुन्यामागे ३-४ दिवस त्यातच जात.

शिंदीच्या पात्यांची केरसुणी दोरीने आवळलेली असते. दोरी सोडावी, मूठ वेगळ्या कोनात बांधावी, की संध्याकाळी तीच केरसुणी पुन्हा फरशीवर फिरवता येते. पाती भिजवून नरम केल्याशिवाय वळू नयेत, नाहीतर ती मुठीपाशीच तडकतात, हे मला केरसुण्या विकणाऱ्या एका मावशींनी दाखवले.

तिच्या आखूडपणामुळे कंबर मोडते, ही खरी अडचण आहे. मात्र विद्यार्थ्याला हात घालण्याजोगे कामही तेच आहे. तेथे केवळ दांडा वाढवून भागत नाही. मी बांबूचा लांब दांडा बसवलेला नमुना शेजारच्या आजींनी आठवडाभर आवडीने वापरला, पण लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहायला मी जुन्या घडणीचीच आणीन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यानंतर मी दांडा काढता-घालता येईल असा केला. शक्य असल्यास जोधपूरजवळचे, लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून उभे राहिलेले अरणा-झरणा संग्रहालय अवश्य पाहावे. राजस्थानातील झाडूंचा तेथील संग्रह दोन्ही विषयांना उपयोगी पडेल.

ज्यांच्या हाताशी पूर्ण सत्र आहे, त्यांना फुलझाडूही कदाचित साधेल. त्यांनी पहिल्याच आठवड्यात डझनभर झाडू आणून, धुऊन घरोघरी वापरायला द्यावेत आणि चाचणीसाठी तेच परत घ्यावेत. केरसुणीला एवढी उस्तवार करावी लागत नाही.