हिलोमधलं घर, जे भाड्यानं मिळणारच नव्हतं

आईनं तीस वर्षं कथक शिकवलं. आमच्याकडे कॅलिफोर्नियात आली की ती हुला या हवाईच्या नाचाच्या स्पर्धेचे व्हिडिओ लावून बसायची आणि पावलांपेक्षा हातांकडे जास्त बघायची. "हात गोष्ट सांगतायत गं," म्हणायची. म्हणून २०२४ मध्ये तिला हवाईला, हिलो गावातल्या मेरी मोनार्क महोत्सवाला न्यायचं ठरवलं.

हा महोत्सव ईस्टरच्या रविवारी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. १८३० मध्ये राणी काआहुमानूनं मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली जाहीर हुलावर बंदी आणली होती. पुढे राजा कालाकाउआनं त्या नाचाला दरबारात पुन्हा मान दिला, आणि त्याच्याच टोपणनावावरून महोत्सवाला नाव मिळालं. १९६० च्या त्सुनामीत हिलोमध्ये ६१ माणसं गेली, गावाचा धंदा बसला. गावाला पुन्हा उभं करायचं म्हणून १९६४ मध्ये हा महोत्सव सुरू झाला. गाव लहान, हॉटेलं मोजकी, त्या आठवड्यातल्या खोल्या कितीतरी आधी भरून जातात. महोत्सवातल्या हुला स्पर्धेच्या तिकिटांसाठी महिनोन् महिने आधी अर्ज करावा लागतो आणि ती हातोहात संपतात. या टंचाईवरच फसवणारे जगतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका ऑनलाइन ग्रुपवर मला जाहिरात दिसली. हिलोत दोन खोल्यांचं घर, सात रात्री, सगळं धरून १,८५० डॉलर. आपल्या पैशातला काही भाग तरी तिथल्या एखाद्या कुटुंबाच्या हाती पडावा, असं मला मनापासून वाटत होतं. तिथल्या मूळ रहिवाशांना स्वतःच्या बेटावर घर परवडत नाही, हे मी वाचलं होतं. पहिल्याच मेसेजमध्ये मी हे सगळं लिहिलं, आईच्या कथकबद्दलसुद्धा. आता तो मेसेज वाचला की कळतं, पुढचं सगळं त्यांनी माझ्याच शब्दांतून उभं केलं.

उत्तर आलं ते अलोहा म्हणून. घर आजीचं आहे, मावशी एका हालाऊत, म्हणजे हुलाच्या गुरुकुलात, शिकवते, आणि हालाऊच्या वाट्याची शुक्रवारची दोन तिकिटं ती पाहुण्यांसाठी ठेवते. शुक्रवारी काहिको असतो, मंत्रोच्चार आणि तालवाद्यांवरचा प्राचीन हुला. आईला बघायचा होता तो नेमका हाच. "आमची ओहाना तुमची वाट बघतेय," असा शेवट. ओहाना म्हणजे कुटुंब. मला भरून आलं होतं.

९२५ डॉलर आगाऊ गेले, बँकेच्या ॲपमधून थेट. जानेवारीत उरलेले ९२५. मग तिकिटांचे म्हणून २००. मार्चच्या मध्यापर्यंत मेसेज येत राहिले, आईची तब्येत विचारणारेसुद्धा. नंतर बंद.

तरी आम्ही गेलो, कारण विमानाची तिकिटं काढलेली होती आणि मनात आशा होती. पत्ता खरा होता, घरही होतं. दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. आमच्या हातातला कागद बघून त्यांचा चेहरा पडला. त्या वर्षी असा कागद घेऊन त्यांच्या दारात आलेले आम्ही तिसरे होतो. त्यांनी आईला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि आपण काहीच केलं नसताना माफी मागितली. पैसे आमचे गेले होते, पण त्या घराचा पत्ता चोरून त्या माणसांनी त्या बाईंच्या आतिथ्यावर जो डाग पाडला, त्याचा मला जास्त राग आहे.

खुणा समोर होत्या. फोटोंतल्या खिडकीबाहेर कोरडी, तपकिरी जमीन आणि निवडुंग होतं. हिलो हे अमेरिकेतल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक, जिकडे बघावं तिकडे हिरवं. तो कोरडेपणा बेटाच्या पश्चिमेचा, कोनाकडचा. फोटो तिकडच्या एका जुन्या, विक्रीला काढलेल्या घराचे निघाले. उलटा फोटो-शोध, म्हणजे फोटो टाकून तो आणखी कुठे आहे याचा शोध, केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. "सगळं धरून" हा आकडाही खटकायला हवा होता. तिथे तेव्हा राज्याचा निवासकर १०.२५ टक्के, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, ३ टक्के आणि वर ४.५ टक्क्यांचा जनरल एक्साइज कर (विक्रीकरासारखा) होता. नियमानं भाडं घेणारा माणूस सहसा हे कर वेगळे दाखवतो. शिवाय तिथल्या कायद्यानं अशा जाहिरातीवर करनोंदणीचा क्रमांक छापावाच लागतो. तो 'टीए' अक्षरांनी सुरू होतो आणि राज्याच्या करविभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. काउंटीच्या मालमत्ताकराच्या नोंदींत पत्ता घातला की मालकाचं नावही फुकट दिसतं. मी यातलं काहीही विचारलं नाही. समोरचा माणूस आपली संस्कृती सांगतोय आणि आपण त्याच्याकडे क्रमांक मागायचा, याची मला लाज वाटली होती.

बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे तक्रार दिली आहे, पुढे काही कळलेलं नाही.

उरलेले दिवस आम्ही कोनाकडे महागडी खोली घेऊन काढले आणि डोंगर ओलांडून गाडीनं हिलोला ये-जा केली. बुधवारचा होइके, म्हणजे स्पर्धेबाहेरचा नाचांचा कार्यक्रम, आणि शनिवारची मिरवणूक, दोन्ही फुकट होती. बुधवारी आई रांगेत दोन तास उभी राहिली आणि आत गेल्यावर शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. शुक्रवारचा काहिको मात्र तिला खोलीतल्या टीव्हीवरच बघावा लागला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, शुक्रवारची दोन तिकिटं तीच, "आमची ओहाना तुमची वाट बघतेय" तेच. फोटो मात्र बदलले आहेत. आता खिडकीबाहेर हिरवीगार झाडं आहेत आणि पाऊस पडतोय.