डूम: प्रेग्नन्सी टेस्टवर की स्मार्ट बल्बच्या चिपवर?
१९९७ ला डूम या जुन्या व्हिडिओ गेमचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) सगळ्यांसाठी खुला झाला आणि तेव्हापासून लोकं तो कशावरही चालवतायत. २०२० चा प्रेग्नन्सी टेस्टवाला डूम जाम व्हायरल झाला, पण खरं बघितलं तर आतला प्रोसेसर आणि डिस्प्ले दोन्ही बदललेले, मूळचं फक्त प्लास्टिकचं कव्हर, म्हणजे फोटोपुरती मजा (मस्त मजा, नाही म्हणत नाही!). याउलट २०२१ चा आयकियाच्या स्मार्ट बल्बवाला घ्या, स्क्रीन आणि जास्तीची फ्लॅश मेमरी (डेटा कायमचा साठवणारी चिप) बाहेरून जोडली हे खरं, पण प्रोसेसर बल्बचाच, आणि रॅम किती तर १०८ केबी! मूळ गेमला ४ एमबी लागायची, मग डेटा रॅममध्ये न आणता थेट फ्लॅशमधून वाचायचा, एकेक बाइट वाचवत बसायचं. माझं मत बल्बलाच, पोर्टिंग (एका यंत्राचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेल असा करणं) म्हणतात ते हे.