गोटूचा दात, निळं शटर आणि आमची आई

पहिलेच सांगून देतो, स्टार चार दिलेत, पाच नाही. एक कशाचा कापला ते पुढे येईलच. जनावरांच्या या दवाखान्याच्या बोर्डावर नाव आहे, पण आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात कोणालाही विचारा तो 'निळं शटर' म्हणूनच पत्ता सांगेल, बाजूला आटाचक्की आणि समोर कडुनिंब, त्या कडुनिंबाखाली दोन-चार लोक कुत्रं घेऊन उभे दिसले की समजा आलं. आत एक खोली, एक पडदा, पडद्यामागे ऑपरेशनचं टेबल. झगमगाट काही नाही.

आमचा गोटू म्हणजे पांढरा स्पिट्झ, नऊ वर्षांचा. गल्लीत सगळे त्याला पामेरियन म्हणतात आणि मी दुरुस्त करणं कधीच सोडून दिलं. तर याच्या तोंडाला वास यायचा. असा तसा नाही, तो जांभई द्यायचा आणि सोफ्यावर बसलेला पाहुणा उठून कूलरसमोर जाऊन उभा राहायचा. आई म्हणायची, "कुत्र्याच्या तोंडाचा वास नाही येणार तं काय मोगऱ्याचा येईन?" आणि खरं सांगतो, आम्हालाही ते पटलेलंच होतं.

तरी मागच्या वर्षी बायकोने हट्ट धरला म्हणून एका ग्रूमिंगच्या दुकानात नेलं, नाव नाही घेत, जाऊ द्या. आंघोळ, नखं आणि वरून दातांची सफाई असं पॅकेज होतं, ६०० रुपये जास्तीचे. भूल नाही, तपासणी नाही, दोन पोट्ट्यांनी गोटूला दाबून धरलं आणि तिसऱ्याने आकड्यासारख्या पत्तीने पंधरा मिनिटं दात खरडले. गोटू काचेच्या पलीकडून ओरडत होता आणि मी इकडे बसून मोबाईल पाहत होतो, हे लिहितानाही लाज वाटून राहिली. बाहेर आला तेव्हा दात एकदम चकाचक, मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, मामांनी अंगठे पाठवले. आठ दिवस वास गेला, मग परत आला. आम्ही म्हटलं वय झालं आता त्याचं.

यंदा मे संपता संपता, नवतपा लागलेला, पारा ४५ च्या घरात, सकाळी उठून पाहतो तर गोटूच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज. आईचं निदान तयारच, गांधीलमाशी चावली. हळदीचा लेप झाला. दोन दिवसांनी सूज फुटली, घाण निघाली, उतरली, आम्ही खूश. बारा दिवसांनी परत तिथेच, तेवढीच. मग मात्र त्याला ऑटोत टाकलं आणि निळ्या शटरला नेलं. मला वाटलं डोळ्याचंच काही असेल.

डॉक्टरांनी डोळा पाहिला फक्त एक क्षण. लगेच अंगठ्याने वरचा ओठ उचलला आणि म्हणाले, "या इकडे, मोबाईलचा टॉर्च लावा." मी वाकून पाहिलं. वरच्या जबड्यात मागे जो सगळ्यात मोठा दात असतो, त्याची बाहेरची चकती उडालेली, जशी जुन्या चिनी कपाची उडते तशी, आणि मधात टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. त्याच्या वरची हिरडी गुलाबी नाही, जांभळी. डॉक्टर म्हणाले या दाताची मुळं वर थेट डोळ्याखालपर्यंत जातात, दात तुटून आतली नस उघडी पडली की मुळाशी पू होतो आणि सूज डोळ्याखाली दिसते, निम्मे लोक गांधीलमाशी म्हणूनच येतात. मग शांतपणे विचारलं, "हाडं देता काय?"

आता काय सांगू. आमच्याकडे रविवारी सावजी मटन झालं की नळी गोटूची, हा घरचा कायदा आहे. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो हे आईने कुठेतरी ऐकलेलं, म्हणून ती रस्सा धुऊन नळी द्यायची आणि वरून म्हणायची पाहा किती काळजी घेतो आपण. डॉक्टरांनी एकच साधी गोष्ट सांगितली, जी वस्तू नखाने दाबली तर खळी पडत नाही ती कुत्र्याला चघळायला द्यायची नाही. शिजलेलं हाड तर तुकडे होऊन घशात-आतड्यातही टोचतं. मी घरी येऊन नळीवर नख दाबून पाहिलं. नखच दुखलं.

मी ग्रूमिंगवाल्या सफाईचं सांगितलं तर ते हसले नाहीत, मला वाटलं होतं हसतील. कागदावर दात काढला, हिरडीची रेघ काढली आणि म्हणाले रोग या रेघेच्या खाली राहतो. दातावर आधी मऊ थर बसतो, ब्रशने निघणारा, तो तसाच राहिला तर लाळेतले क्षार मिसळून दोन-तीन दिवसांत दगड व्हायला लागतो. बोअरचं पाणी असलेल्यांना सांगायची गरज नाही, नळाच्या तोटीला बसतो ना पांढरा थर, तसाच. वरचं खरडलं की दिसायला छान, पण खाली सडणं चालूच. म्हणजे भिंतीला ओल आणि आपण वरून डिस्टेंपर मारलेला. वरून नुसतं खरडून पॉलिश न केल्याने दात खडबडीत राहतो आणि पुढचा थर अजून लवकर धरतो, हे ऐकून तर ६०० रुपये आठवले.

मी म्हटलं साहेब मग आजच काढून टाका ना, भूलबिल नको, म्हातारा आहे. साफ नाही म्हणाले. जागं कुत्रं हिरडीच्या खाली हत्यार घालू देत नाही, आणि दात साफ करायचं मशीन पाण्याचा फवारा मारतं, ते घाण पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनळीत नळी टाकावी लागते, ती भुलीशिवाय जात नाही. आणि भुलीच्या आधी रक्त तपासायचं, लिव्हर, किडनी, सगळं. मला आतून वाटलं बिल वाढवून राहिले. स्पष्ट लिहितो, वाटलं.

रिपोर्ट आला तर किडनी-लिव्हर ठीक, प्लेटलेट कमी. गोचिडाचा ताप. आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटमधून गोचीड आणायचा हा, आणि आम्ही उन्हामुळे सुस्त पडला म्हणत होतो. प्लेटलेट कमी असताना दात काढला तर रक्त थांबणार नाही म्हणून डॉक्टरांनी काम चक्क २८ दिवस पुढे ढकललं, तोवर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, शिवाय दुखण्याचं औषध, आणि गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही ही ताकीद. बिलासाठी करणारा माणूस हातातलं काम महिनाभर लांबवत नाही. माझं मत तिथे बदललं.

या महिन्यात चार-पाच चकरा झाल्या त्यामुळे दवाखाना पाहायला मिळाला. संध्याकाळी सहानंतर मजा असते. भाजीच्या पिशवीत चेन अर्धी लावून मांजर आणलेली काकू, तिच्या बाजूला जीभ काढून बसलेला लॅब्रॅडॉर, पिशवीतून फिस्स आवाज आला की लॅब्रॅडॉरच मालकाच्या मांडीवर चढतो. एक शाळेतली पोरगी रडत आली, पिल्लाच्या तोंडातून रक्त आणि सतरंजीवर दात सापडला म्हणून, रुमालात बांधून आणला होता. डॉक्टरांनी दात हातावर घेऊन तिला सांगितलं की तुझे पडले ना तसेच याचेही दुधाचे पडतात, २८ असतात, सहा-सात महिन्यांचा होईस्तोवर सगळे जातात आणि ४२ पक्के येतात. पोरगी डोळे पुसत म्हणाली, "माझ्यापेक्षा दहा जास्त?" सगळा बाक हसला. एकदा एक जण पिंजऱ्यात मिठू घेऊन आला, पंख गळून राहिले म्हणून. डॉक्टरांनी तपासला, पण सगळ्यांसमोर सांगितलं की आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, १९७२ चा कायदा आहे. मिठूवाले भाऊ म्हणाले, "हा तं लहानपणापासून घरीच आहे जी." डॉक्टर म्हणाले कायद्याला त्याचं बालपण माहीत नाही.

रस्त्यावरची जखमी कुत्री पोट्टे उचलून आणतात, त्यांच्या पट्टीचे पैसे घेत नाहीत, फक्त पोट्ट्यांना हात साबणाने धुवायला लावतात आणि कोणाला ओरखडा लागला असेल तर खडसावून आधी माणसांच्या दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनला पाठवतात. मोठी केस असली तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजची चिठ्ठी देतात, स्वतः तिथलेच शिकलेले, १९५८ पासूनचं कॉलेज आहे ते, बोलताना अभिमान लपत नाही त्यांचा.

आता तक्रारी. फोन. फोन उचलतच नाहीत बाप्पा! सात वेळा लावा, आठव्यांदा कंपाउंडर भाऊ उचलतो आणि "या ना जी, या" म्हणून ठेवून देतो, कधी या ते सांगत नाही. नंबराची वही आहे पण ती कोणी पाळत नाही. मी एकदा पावणेदोन तास बसलो, कारण डॉक्टर प्रत्येकाची कथा शेवटपर्यंत ऐकतात, माझी ऐकली तेव्हा बरं वाटलं, पण दुसऱ्याची ऐकतात तेव्हा जीव जातो. मांजरांना वेगळी जागा नाही. बाक एकच. आणि दातांचा एक्सरे तिथे होत नाही, तोंडाच्या एक्सरेसाठी दुपारी दीड वाजता दुसऱ्या टोकाला जावं लागलं, त्या उन्हात गोटूला ओला टॉवेल गुंडाळून नेला. एक स्टार इथे गेला.

जुलैत पाऊस लागल्यावर नंबर आला. आदल्या रात्री दहानंतर खायला काही नाही. सकाळी गोटू बिस्किटाच्या डब्यासमोर बसला आणि आई देवघरासमोर. "भूल उतरलीच नाही तं काय करशीन?" हे तिने मला, बायकोला आणि मग थेट डॉक्टरांना फोन करून विचारलं. तो फोन बरोबर उचलला त्यांनी! दहा मिनिटं बोलले आईशी, सलाईन चालू ठेवतो, नळीतून ऑक्सिजन देतो, ठोके मशीनवर दिसतात, शेवटी आई म्हणाली, "हाव, मंग ठीक आहे, पण अंगावर काही पांघरा त्याच्या, एसी असते तुमच्याकडे."

नऊला सोडला, दोनला फोन आला. मोबाईलवर फोटो दाखवले. खोली मोजायचे बारीक आकडे कोरलेली सळई हिरडी आणि दाताच्या मधात घातलेली, कुत्र्यात ती फार तर तीन मिलिमीटर जायला पाहिजे, आमच्याकडे एका जागी सात. आणि तो दात मागच्या वर्षी फोटोत सगळ्यात पांढरा दिसत होता. एकूण पाच काढले, ३७ राहिले. मोठ्या दाताला तीन मुळं, म्हणून त्याचे तीन तुकडे करून काढावा लागला, ते तुकडे त्यांनी औषधाच्या रिकाम्या डबीत घालून दिले. गोटू घरी डुलत आला, पावसात भिजलेल्या उंदरासारखा, आणि कोपऱ्यात जाऊन झोपला. आई डबी हलवून पाहत होती. म्हणाली, "लहानपणी तुमचे दात मी कवेलूवर फेकले, आता कुठं फेकू, स्लॅब हाय."

खर्च विचारतात म्हणून लिहितो: रक्त १,१००, भूल आणि सफाई ४,५००, दात काढायचे २,५००, औषधं ६४०. एक्सरे वेगळा. आमच्यासाठी कमी नाही. त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी कागदावर अंदाज लिहून दिला होता आणि शेवटचं बिल त्यापेक्षा दोनशेने कमीच आलं.

दहा दिवस मऊ भात आणि उकडलेलं चिकन. चौथ्या दिवशी गोटूने चपला पळवल्या, मागच्या दोन वर्षांत पळवल्या नव्हत्या, आम्हाला वाटायचं म्हातारा शहाणा झाला, तो दुखून राहिला होता म्हणून गप्प होता. वास गेला, आता खरंच गेला. बोटात घालायचा रबरी ब्रश आणि चिकनच्या चवीची पेस्ट दिलीये. आपली पेस्ट लावायची नाही, कुत्रं थुंकत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असतं ते कुत्र्याला विष आहे. पहिले आठ दिवस मी लावली, रोज बोटाला चावा. आता आई लावते. संध्याकाळची सिरीयल लागली की गोटू स्वतःच तिच्या मांडीजवळ येऊन ओठ वर करतो, ती ब्रेकपुरता उजवीकडचे घासते, दुसऱ्या ब्रेकला डावीकडचे. मग अर्धं बिस्किट. मी काही बोललो तर म्हणते, "डॉक्टरले नको सांगू."

दातांचं काम फक्त मंगळवार आणि शुक्रवारी सकाळी होतं, फोनच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी जाऊन वहीत नाव स्वतःच्या हाताने लिहा. रविवारी लसीची गर्दी असते. मांजर असेल तर सकाळी दहाच्या आत जा, चक्की तेव्हा बंद असते, आवाज नसतो.