न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर : मोफत प्लगइन, पण निवड जपून करावी लागते

गिटारवादकांमध्ये ‘नॅम’ या छोट्या नावाने रुळलेले न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडून वापरायचा छोटा प्रोग्राम, स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी तयार केले असून ते मुक्तस्रोत आहे आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पमधून, म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या गिटारच्या ध्वनिवर्धकातून, काही मिनिटांची ठरावीक ध्वनिफाइल वाजवायची, अ‍ॅम्पमधून बाहेर पडलेला आवाज मुद्रित करायचा आणि आत गेलेल्या व बाहेर आलेल्या संकेतांमधले नाते संगणकाकडून शिकून घ्यायचे, असे त्याचे तंत्र आहे. शिकण्याचे काम करणारी न्यूरल जाळी (न्यूरल नेटवर्क) प्रामुख्याने वेव्हनेट या प्रकारची असते. हा प्रकार २०१६ साली डीपमाइंडने माणसाचा आवाज कृत्रिमरीत्या निर्माण करण्यासाठी मांडला होता. शिकून झाल्यावर जी लहानशी फाइल हाती येते तिला कॅप्चर म्हणतात, आणि अशी असंख्य कॅप्चर वादकांनी एकमेकांसाठी मोफत उपलब्ध करून दिली आहेत. केम्परने २०११ पासून आणि आयके मल्टिमीडियाच्या टोनेक्सने २०२२ पासून अ‍ॅम्पचा आवाज अ‍ॅम्पविना मिळवण्याच्या याच गरजेवर आपापली उत्तरे दिली आहेत, परंतु केम्पर किंवा क्वाड कॉर्टेक्ससारखी यंत्रे बरीच महाग पडतात, त्यामुळे घरी सराव आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला नॅमकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

आवाजाबद्दलचे माझे मत आधीच सांगून टाकतो. चांगले कॅप्चर योग्य पातळीवर वाजवले तर मुद्रित गाण्यात ते मूळ अ‍ॅम्पपासून वेगळे ओळखणे मला तरी अवघड वाटते. असे असूनही अनेकांना नॅम निर्जीव, कर्कश किंवा चिखलासारखे वाटते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा प्लगइनमध्ये नसून कॅप्चर कसे निवडले आणि त्याच्यापर्यंत गिटारचा संकेत कसा पोचवला यात असते.

कॅप्चर म्हणजे अ‍ॅम्पची एकच स्थिती असते, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. मूळ अ‍ॅम्पवर गेन (संकेत किती वाढवायचा हे ठरवणारा नॉब) पाचावर आणि ट्रेबल सहावर असताना कॅप्चर घेतले असेल, तर ते त्या अ‍ॅम्पचे त्या घडीचे वागणे आहे. गेन सातावर नेल्यास काय झाले असते याची त्या फाइलला कल्पनाही नसते. प्लगइनवर बास, मिडल आणि ट्रेबल असे तीन नॉब दिसतात खरे, पण ते मॉडेलच्या पुढे, म्हणजे विकृती (डिस्टॉर्शन, आवाजाचे फाटणे) निर्माण होऊन गेल्यानंतर काम करतात. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये परिस्थिती वेगळी असते. फेंडरच्या डीलक्स रिव्हर्बसारख्या अ‍ॅम्पमध्ये टोनचे नॉब पहिल्या गेन टप्प्याच्या लगेच नंतर येतात, त्यामुळे तिथे बास कमी केला की पुढच्या ट्यूबवर कमी भार पडतो आणि विकृतीचा पोतच बदलतो. मार्शलच्या जेसीएम ८०० मालिकेतील २२०३ या अ‍ॅम्पमध्ये तेच नॉब प्रीअ‍ॅम्पचे गेन टप्पे संपल्यावर येतात, म्हणून त्यांचा परिणाम प्लगइनच्या नॉबांशी थोडा अधिक जुळतो. सांगायचा मुद्दा असा की फेंडर जातीच्या कॅप्चरमध्ये जाड तारांचा आवाज फुगून फाटत असेल, तर प्लगइनवरचा बास कमी करून फक्त त्या फाटक्या आवाजाची पातळी खाली येते, फाटण्याचे कारण तसेच राहते. तिथे मूळ अ‍ॅम्पवर बास दोन-तीनवर ठेवून घेतलेले दुसरे कॅप्चर शोधणे किंवा नॅमच्या आधी एक ईक्यू (आवाजाच्या निवडक पट्ट्यांची पातळी कमीजास्त करणारे साधन) लावून १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग उतरवणे, हे दोनच उपाय कामाचे ठरतात.

म्हणूनच फाइलचे नाव नीट वाचण्याची सवय लावून घ्यावी. काळजीपूर्वक काम करणारे लोक नावातच गेन, बास, मिडल, ट्रेबल आणि प्रेझेन्स यांचे आकडे देतात, आणि एकाच अ‍ॅम्पची गेन दोन, चार, सहा, आठ अशी चढत जाणारी मालिका उपलब्ध करून देतात. अशी मालिका सुट्या, आकर्षक नावांच्या पन्नास फाइलींपेक्षा कितीतरी उपयोगी असते, कारण तिच्यात गेनचा नॉब फिरवल्याचा परिणाम फाइल बदलून तरी मिळवता येतो. काही कॅप्चरसोबत त्रुटीचा एक आकडा दिलेला असतो; तो जितका लहान तितकी नक्कल मूळ आवाजाच्या जवळ. मात्र त्या आकड्यावर फार विसंबू नये. जास्त गेनच्या अ‍ॅम्पची नक्कल मुळातच अवघड असल्याने तिथे तो मोठा येतो, आणि मूळ अ‍ॅम्पच चुकीच्या सेटिंगवर असेल किंवा माइक वाईट जागी ठेवलेला असेल, तर त्या वाईट आवाजाची अचूक नक्कलही लहान त्रुटी दाखवते!

यापुढचा प्रश्न इनपुट पातळीचा आहे, आणि माझ्या मते बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे. ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज त्याच्या पहिल्या ट्यूबपर्यंत किती व्होल्टेज पोचते यावर अवलंबून असतो. गिटार संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचा गेन वाढवून मीटर भरल्यासारखा दिसला की समाधान वाटते, परंतु दहा डेसिबलने वाढवलेला संकेत म्हणजे अ‍ॅम्पसमोर एक बूस्ट पेडल लावल्यासारखेच असते. स्वच्छ कॅप्चर खरखरते आणि क्रंचचे, म्हणजे हलक्या विकृतीचे, कॅप्चर लगदा होऊन बसते. योग्य पद्धत अशी की गिटार इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये, म्हणजे उच्च इम्पिडन्स असलेल्या इनपुटमध्ये जोडावी, गेन अगदी किमान ठेवावा आणि त्या इनपुटची कमाल पातळी माहितीपत्रकात पाहावी. हा आकडा डीबीयू या एककात असतो आणि अनेक घरगुती इंटरफेसांमध्ये तो १२च्या आसपास सापडतो. नॅमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये सेटिंगच्या पानावर तो भरता येतो, आणि ज्या कॅप्चरमध्ये मूळ पातळीची नोंद केलेली आहे त्यांच्याशी प्लगइन आपला संकेत स्वतःच जुळवून घेते. नोंद नसेल तेव्हा इनपुट नॉब कानाने वरखाली करण्याला पर्याय नाही. किमान गेनवर मीटर निम्म्याखाली राहिला तरी चिंता करू नये. २४ बिटच्या मुद्रणात तेवढी पातळी पुरेशी असते.

पातळी जुळली की कॅप्चरची खरी परीक्षा घेता येते, आणि ती गिटारच्याच व्हॉल्यूम नॉबने घ्यावी. क्रंचच्या कॅप्चरवर जोराने कॉर्ड वाजवावा, मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून पाचावर आणून तोच कॉर्ड हलक्या हाताने वाजवावा. डीलक्स रिव्हर्बचा व्हॉल्यूम सहाच्या आसपास असतानाचे चांगले कॅप्चर या वेळी जवळजवळ स्वच्छ व्हायला हवे आणि तारेवरच्या आघाताचा टणत्कार शाबूत राहायला हवा. २२ वॉटचा हा अ‍ॅम्प खऱ्या आयुष्यात त्या व्हॉल्यूमवर सदनिकेत वाजवला तर सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय निघाल्याशिवाय राहणार नाही, त्यामुळे ही सोय हेडफोनवर मिळणे हे नॅमचे मोठेच देणे आहे. गिटारवर कमी जोराचा संकेत देणारे सिंगल कॉइल पिकअप असलेल्यांनी गेनच्या मालिकेत एक पायरी वरचे आणि जास्त जोराचा संकेत देणारे हंबकर असलेल्यांनी एक पायरी खालचे कॅप्चर आधी ऐकून पाहावे.

कॅबिनेटबाबतचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीबाबतचा, गोंधळ मात्र सहज टाळता येण्यासारखा आहे. काही कॅप्चरमध्ये स्पीकर आणि माइक धरून संपूर्ण साखळी असते, तर काही केवळ अ‍ॅम्पची, म्हणजे डीआय प्रकारची असतात आणि त्यांच्यापुढे स्पीकरचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर आणि माइक यांच्या आवाजाची नोंद असलेली फाइल) लावावा लागतो. संपूर्ण साखळीच्या कॅप्चरवर पुन्हा आयआर लावला की आवाज कोंडतो, आणि डीआय कॅप्चर आयआरविना ऐकले की तो किरकिरतो. मला डीआय प्रकार अधिक पसंत आहे, कारण आवाजाचा निम्मा स्वभाव स्पीकरच ठरवतो आणि तो आपल्या हातात राहतो. सेलेशनच्या ग्रीनबॅक या स्पीकरचा आवाज मऊ आणि किंचित खरखरीत असतो. व्हिंटेज ३० या स्पीकरचा वरचा मध्यभाग पुढे येतो, त्यामुळे जड संगीतात तो उठून दिसतो, पण आधीच तिखट असलेल्या अ‍ॅम्पला तो बोचरा करतो. आवाज फार टोचत असेल तर ट्रेबल उतरवण्यापूर्वी, माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे सरकवून घेतलेला दुसरा आयआर लावून पाहावा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम भागते.

निवड करताना आणखी एक पथ्य आहे. दोन कॅप्चरची तुलना समान पातळीवरच करावी, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. आउटपुटचा नॉर्मलाइज्ड पर्याय यासाठीच आहे. शिवाय रात्री हळू आवाजात जमवलेला टोन मोठ्या आवाजात जाड आणि तीक्ष्ण वाटू लागतो, म्हणून अंतिम निर्णय सामान्य आवाजात आणि शक्यतो तबला, ढोलकी किंवा ड्रमच्या साथीवर घ्यावा. एकट्याने ऐकताना भरदार वाटणारा बास साथीत नेमका ढोलकीच्या धुमावर जाऊन बसतो.

उणिवाही नोंदवायला हव्यात. प्लगइनमध्ये वाजवत नसतानाची खरखर थांबवणारे नॉइज गेट आहे, पण ट्यूनर, रिव्हर्ब किंवा डिले नाही. त्याच्या पद्धतीला संकेताची फार थोडी पूर्वस्मृती असल्याने रिव्हर्ब, डिले, ट्रेमोलो यांसारखे काळावर अवलंबून असलेले परिणाम कॅप्चरमध्ये उतरतच नाहीत. फेंडरचा स्प्रिंग रिव्हर्ब हवा असेल तर तो कॅबिनेटनंतर वेगळ्या प्लगइनने द्यावा लागतो. पेडलचे कॅप्चर आणि अ‍ॅम्पचे कॅप्चर एकापुढे एक लावण्यासाठी नॅम दोनदा उघडावे लागते, आणि जुन्या संगणकावर त्याचा ताण जाणवतो. अशा वेळी स्टँडर्डऐवजी लाइट किंवा फीदर आकाराची कॅप्चर घ्यावीत. स्वच्छ आणि हलक्या क्रंचच्या आवाजात त्यांचा फरक कळणे कठीण असते, जड विकृतीत तो कळतो. ४८ किलोहर्ट्झवर ६४ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) सुमारे १.३ मिलिसेकंदांचा असतो, आणि इंटरफेसचा स्वतःचा विलंब धरूनही तेवढ्यावर हाताला अडखळल्यासारखे होत नाही.

ऑर्केस्ट्रात किंवा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्यांसाठी हे साधन थोडी तयारी मागते. मिक्सरला थेट जोडायचे असेल तर आयआर चालू ठेवावा. पॉवर अ‍ॅम्प आणि गिटारचे कॅबिनेट मागे असेल तर तो बंद करावा. गाण्याच्या मध्येच गेन आणि टोनचे नॉब फिरवत वाजवणाऱ्या वादकाला मात्र मी नॅम सुचवणार नाही. त्याने नॉब बदलताना आवाज सलग बदलत जाणारा मॉडेलर किंवा साधा मल्टिइफेक्ट्स घ्यावा. ज्याला एक स्वच्छ, एक क्रंच आणि एक सोलोचा असे ठरलेले टोन लागतात, त्याला ही तीन कॅप्चर समान पातळीवर आणून, पायाने बदलता येतील अशी संगणकात लावून ठेवता येतात, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात त्याला फक्त गिटारच्या व्हॉल्यूमला हात लावावा लागतो.