सीआर पत्रा: आठ महिन्यांनंतर

एचआर (गरम लाटलेला) सोडून सीआर (थंड लाटलेला) पोलादी पत्र्यावर आलो त्याला आठ महिने झाले. काम पॅनेलचे डबे, त्यांची दारं आणि एक उथळ ड्रॉचं, म्हणजे साच्यात दाबून थोडं खोल केलेलं झाकण. जाडी १ मिमी, ग्रेड डीसी०१ (वाकवण्या-दाबण्याच्या पत्र्याचा साधा दर्जा).

पहिली सुटका झाली ती गरम लाटताना चढणाऱ्या काळ्या खपलीपासून. सीआर थंड लाटण्याआधीच ॲसिडने धुतलेला असतो, त्यामुळे घासाघास नाही. तेल काढलं की कोटिंगला तयार. मात्र तेल खरंच निघायला हवं. एका दारावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे आले, आणि नेमके मी पुसायला विसरलेल्या कोपऱ्यात!

जाडी शीटभर सारखी, त्यामुळे ब्रेक प्रेसवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) एकदा लावलेला कोन बॅचभर टिकतो. आतली त्रिज्या १ मिमी ठेवली तरी बाहेरून तडा नाही. स्पॉट वेल्डिंगची तर आठवणही राहत नाही, इतकं ते विनातक्रार होतं.

डोकं खाल्लं ते झाकणाने. सुरुवातीचा माल आरशासारखा. पाचव्या महिन्यात त्याच बंडलातले उरलेले पत्रे दाबले, तर सपाट भागावर गांडूळ सरपटल्यासारखे वळ. बोटाला लागत होते, रंगानंतर आणखी उठून दिसले. डाय (दाबायचा साचा) पॉलिश केली, तेल बदललं, दोन दिवस उगाच डायला शिव्या घातल्या. दोष होता पत्र्याच्या वयाचा. ॲनिलिंगनंतर (तापवून मऊ केल्यावर) स्किन पासची हलकी लाटणी देतात, त्याने पत्रा एकसारखा ताणला जातो. पण पोलादात विरघळलेले कार्बन-नायट्रोजनचे अणू पडून पडून डिसलोकेशनना (स्फटिकांतल्या ज्या दोषांच्या सरकण्याने पत्रा ताणला जातो त्यांना) जखडतात, आणि मग ताण पट्ट्यापट्ट्यांनी येतो. ईएन १०१३० या युरोपीय मानकात डीसी०१ सहा आठवड्यांत वापरण्याची शिफारस आहे. मी वाचली, पण नंतर. उरलेले पत्रे रोलर लेव्हलरमधून (रुळांमध्ये वर-खाली वाकवून सपाट करणाऱ्या यंत्रातून) काढून त्याच दिवशी दाबले. वळ जवळजवळ गेले.

गंजाचं मात्र सांभाळा. जस्ताचा थर नाही, तेलाचं पातळ पूट तेवढं. पुसलेल्या पत्र्यावरचा माझ्या अंगठ्याचा ठसा दोन दिवसांत तांबूस उमटला, रेषा मोजता येतील असा.

डब्यांना डीसी०१च चालू आहे. झाकणांसाठी आता डीसी०४ मागवतो: जास्त ताणला जातो आणि वळांविरुद्ध सहा महिन्यांची हमी मानकातच आहे. आणि प्रत्येक बंडलावर आल्या दिवशी खडूने तारीख.